चौघांचा संघ, शंभर किलोमीटर, दोन लाख रुपये: चॅरिटी वॉकसाठी देणगी कशी उभी करावी

चॅरिटी वॉकमध्ये उतरणारे संघ चालण्याचा सराव मनापासून करतात. पहाटेची टेकडी, रविवारचा सिंहगड, बुटांची निवड, सगळं वेळेवर होतं. पैशाचं काम मात्र शेवटच्या पंधरवड्यावर ढकललं जातं. मग एका रात्री दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तीच लिंक पडते, खाली शाबासकीचे अंगठे येतात आणि खात्यात जेमतेम आठ-दहा देणग्या जमतात. संघ म्हणतो, लोक देत नाहीत. लोक देतात. त्यांच्याकडे नाव घेऊन, वेळेवर आणि नेमकं कुणी मागितलेलं नसतं.

हा लेख त्या मागण्याच्या क्रमाबद्दल आहे. उदाहरण म्हणून ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या 'ट्रेलवॉकर' वॉकमुळे जगभर रूढ झालेला साचा घेतला आहे: चौघांचा संघ, १०० किलोमीटर, ४८ तास. वॉक जानेवारीत आहे, लक्ष्य दोन लाख रुपये आहे आणि पैसे महाराष्ट्रातल्या एका नोंदणीकृत संस्थेला द्यायचे आहेत, असं धरू. तुमचा वॉक दहा किलोमीटरचा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: पैसे कुठे जाणार हे आधी ठरवा (१२ आठवडे आधी)

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे वेळ द्या. देणगीदाराचा पैसा थेट संस्थेच्या खात्यात जायला हवा. तुमच्या, मित्राच्या किंवा संघासाठी उघडलेल्या नव्या बचत खात्यात नको. "आधी माझ्या जीपेवर घेतो, मग एकदम संस्थेला देतो" ही सोय वाटते, पण तिच्यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली कायद्याची. महाराष्ट्रात नोंदणीकृत संस्थेऐवजी कुणी स्वतःच धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करत असेल, तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१-क यासाठी आहे. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. पैसे थेट संस्थेकडे गेले तर गोळा करणारी संस्था असते, तुम्ही फक्त आवाहन करणारे.

दुसरी अडचण पावतीची. बारा जणांचे पैसे तुमच्या खात्यात आले आणि तुम्ही एकरकमी पुढे पाठवले, तर संस्था पावती तुमच्या नावाने फाडते. त्या बारा जणांना आयकराच्या कलम ८०-जी खाली देणगीची वजावट मिळत नाही आणि तुमच्या नावावर न दिलेली देणगी चढते.

तिसरी विश्वासाची. तुमच्या सचोटीवर कुणाला शंका नसेलही, पण वैयक्तिक क्यूआर कोड पाहून अनोळखी माणूस थबकतो, आणि त्याने थबकावंच.

संस्था निवडली की तिच्याकडून या गोष्टी लेखी घ्या, ईमेल चालेल:

- संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८०-जी मंजुरीचं पत्र. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, ते स्वतः वाचा.
- तुमचा संघ त्यांच्यासाठी देणगीचं आवाहन करत आहे, असं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र. सोसायटीत, ऑफिसात हे पहिलं मागतात.
- तुमच्या संघामार्फत आलेली देणगी ते वेगळी कशी ओळखणार? वेगळी लिंक, वेगळा क्यूआर की व्यवहारात लिहायचा संकेतशब्द?
- दर आठवड्याला जमा देणग्यांची यादी कोण पाठवेल? एका माणसाचं नाव मिळवा.
- पैसा सर्वसाधारण निधीत जाणार की ठरावीक कामाला?

क्राउडफंडिंगचं व्यासपीठ, म्हणजे अनेकांकडून ऑनलाइन देणग्या गोळा करून देणारं संकेतस्थळ, वापरणार असाल तर आणखी दोन गोष्टी पाहा. व्यासपीठ किती शुल्क कापतं आणि पैसे संस्थेला कधी वळते करतं. काही ठिकाणी देणगीच्या रकमेवर व्यासपीठासाठीची 'टिप' आधीच भरलेली असते. देणगीदाराला ती कमी करता येते, पण ते त्याला माहीत नसतं. मागताना तुम्हीच सांगा.

सावध: वॉकची प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. तिच्या बदल्यात तुम्हाला टी-शर्ट, जेवण, वैद्यकीय सोय मिळते. बूट, प्रवास, सोबतच्या गाडीचं पेट्रोल हा खर्चही संघाने खिशातून करायचा आणि तसं आवाहनात एका ओळीत लिहायचं: "आमचा सगळा खर्च आम्ही करत आहोत, तुमचा रुपया संस्थेकडे जातो." व्यासपीठ शुल्क कापत असेल तर तेही त्याच ओळीत लिहा.

तपासा: पुढे जाण्याआधी संघातल्या एकाने १०० रुपये भरून पाहा. पैसे कोणाच्या नावाने गेले? पावती आली का? संस्थेच्या यादीत संघाचं नाव दिसलं का? हे तीन 'हो' मिळाल्याशिवाय कुणालाही लिंक पाठवू नका.

## टप्पा २: पाचवा माणूस शोधा

चौघं चालणारे असतात, हिशेब ठेवणारा कुणीच नसतो. खजिनदार न चालणारा हवा. तंगडतोड करून आलेल्या माणसाला रात्री यादी जुळवायला सांगितलं तर ती जुळत नाही. घरातलं, ऑफिसातलं, निवृत्त झालेलं कुणीही चालेल, फक्त टापटीप असावं. बँकेत नोकरी केलेल्या काका-मावशी या कामाला फार उत्तम, आणि त्यांना विचारलं तर आनंदाने येतात.

खजिनदाराकडे एकच ऑनलाइन तक्ता असावा. रकाने असे: देणगीदाराचं नाव, ओळख कोणाची, किती मागायचे, कधी मागितले, उत्तर, कबूल रक्कम, जमा रक्कम, तारीख, पावती मिळाली का, आभार मानले का. 'कबूल' आणि 'जमा' हे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. बहुतेक संघांचं गणित इथेच फसतं. दीड लाख झाले असं सगळे म्हणत असतात आणि खात्यात ऐंशी हजार असतात.

पॅन आणि पत्ता या तक्त्यात लिहू नका. ती माहिती देणगीदार थेट संस्थेच्या अर्जात भरेल. चार जणांच्या फोनवर फिरणाऱ्या तक्त्यात लोकांचे पॅन ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे.

## टप्पा ३: दोन लाखांचे तुकडे करा (११ आठवडे आधी)

"चौघं आहोत, प्रत्येकी पन्नास हजार" ही विभागणी निरुपयोगी आहे, कारण पन्नास हजार कुणाकडून येणार हे तिच्यात दिसत नाही. देणगीच्या रकमेनुसार तुकडे करा:

- ५,००० रुपये देणारे १० जण: ५०,००० (यात तुम्ही चौघं स्वतः)
- २,००० देणारे ४० जण: ८०,०००
- १,००० देणारे ५० जण: ५०,०००
- ५०० देणारे ४० जण: २०,०००

एकूण १४० देणगीदार, दोन लाख रुपये. आता खरा प्रश्न समोर येतो: आपण १४० माणसं ओळखतो का? विचारलेल्यांपैकी निम्मे देतील असं धरून चाला, म्हणजे २८० नावं लागतील. चौघांत प्रत्येकी सत्तर. एवढी नावं निघतच नसतील तर लक्ष्य आत्ताच कमी करा. ते आज करण्यात कमीपणा नाही. दोन लाख जाहीर करून साठ हजारांवर थांबण्यापेक्षा एक लाख जाहीर करून सव्वा लाखावर जाणं संघासाठीही बरं आणि संस्थेसाठीही, कारण तुमच्या आकड्यावर ती पुढचं काही ठरवत असते.

याच गणिताला चालण्याशी जोडा. शंभर किलोमीटर, दोन लाख, म्हणजे एका किलोमीटरला २,००० रुपये. शंभर चौकटींचा एक तक्ता काढा आणि देणगीदाराच्या नावाने किलोमीटर लिहा. हजार रुपयांना अर्धा, पाचशेला पाव, पाच हजारांना अडीच किलोमीटर. लोकांना "काहीतरी द्या" यापेक्षा "एक किलोमीटर घ्या" हे चटकन कळतं, आणि किती रिकामं आहे ते डोळ्यांना दिसतं. नाव लावायला कुणाची हरकत असेल तर 'एक स्नेही' लिहा.

## टप्पा ४: यादी, एका बैठकीत, फोन हातात घेऊन

चौघांनी एका संध्याकाळी एकत्र बसा आणि प्रत्येकाने आपल्या फोनमधली नावं वरून खाली वाचा. आठवून यादी केली की तीच ती वीस माणसं येतात. वाचून केली की शाळेतली मैत्रीण, जुन्या ऑफिसातले सर, मुलाचे क्रीडाशिक्षक, फॅमिली डॉक्टर, गावाकडचे चुलते, भिशीतल्या बायका, ट्रेकच्या ग्रुपातले लोक, वाणी, सीए असे सगळे सापडतात.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: मागणार कोण, किती मागायचे, फोन की भेट. 'मागणार कोण' याचं उत्तर 'ज्याची ओळख सर्वांत जवळची तो' असंच हवं. नाव दोघांच्या यादीत असेल तर तिथेच एकाकडे द्या. दोघांनी एकाच माणसाला मागणं ही संघांची नेहमीची चूक आहे आणि समोरच्याला ती लगेच जाणवते.

काही नावं गाळायचीही असतात. ज्यांच्या घरी नुकतं आजारपण किंवा दुःख झालं आहे. ज्यांची नोकरी गेली आहे. तुमच्या हाताखाली काम करणारे: साहेबाने मागितलेल्या देणगीला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती मागूच नये. घरकामाच्या ताई, सोसायटीचे वॉचमन यांनाही नाही. त्यांनी आपणहून दिलं तर मानाने घ्या.

तपासा: दोन हजार आणि त्याहून मोठ्या रकमेच्या प्रत्येक नावापुढे 'फोन' किंवा 'भेट' लिहिलं आहे ना? तिथे 'मेसेज' लिहिलं असेल तर रकाना बदला.

## टप्पा ५: आवाहनाचा मजकूर (१० आठवडे आधी)

वाचणाऱ्याला एका मिनिटात चार उत्तरं मिळायला हवीत: कोण चालतंय, कोणासाठी, किती हवेत, कसे द्यायचे. चालण्याचं कौतुक दोन ओळींत आटपा. संस्थेचं काम ठोस सांगा. दोन हजारांत नेमकं काय होतं हे संस्थेलाच विचारा आणि त्यांनी दिलेला आकडाच लिहा. "तुमच्या शंभर रुपयांत एका मुलाचं आयुष्य बदलेल" अशी वाक्यं मनाने रचू नका. संस्थेला ती पुढे निभावावी लागतात.

फोटो चौघांचा हवा, सरावातला, चेहरे दिसणारा. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करत आहात त्यांचे, विशेषतः मुलांचे आणि रुग्णांचे फोटो संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका. दया येईल असा चेहरा शोधून लावणं तर नकोच. त्या माणसाला उद्या त्याच गावात वावरायचं असतं.

करसवलतीबद्दल जेवढं खरं तेवढंच लिहा. ८०-जी मंजुरी असलेल्या सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मिळत नाही. २,००० रुपयांहून मोठी रोख देणगी वजावटीला चालत नाही. वस्तुरूपात दिलेलं धरलं जात नाही. "टॅक्स पूर्ण वाचेल" असं सांगून घेतलेली देणगी जुलैमध्ये, विवरणपत्र भरताना, तुमच्यावर राग होऊन परत येते.

## टप्पा ६: रिकामं पान कुणाला दाखवू नका (९ आठवडे आधी)

लिंक सगळीकडे पाठवायची घाई होते. थांबा. शून्य रुपये दाखवणाऱ्या देणगीच्या ऑनलाइन पानावर पहिला कुणी होत नाही, आणि जो होतो तो शंभर रुपये भरतो. मग त्याच्या मागचा माणूसही शंभरच भरतो, कारण त्याला तो आकडा रीत वाटतो.

आधी चौघांनी स्वतःचे पाच-पाच हजार भरा. ज्याला पाच जमत नाहीत त्याने जमेल ते भरावं, पण भरावं. स्वतः न देता मागणाऱ्याचा आवाज फोनवर वेगळाच येतो. नंतर यादीतल्या सर्वांत जवळच्या सहा जणांना विचारा. एवढं झालं की पन्नास हजार, म्हणजे पाव लक्ष्य, पानावर दिसतं. आता पान उघडं करा.

दिवाळी या काळात कुठे येते ते पाहा. धनत्रयोदशी ते भाऊबीज कुणालाही मागू नका, घरोघरी खर्चाची धांदल असते. पगार साधारण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात, म्हणून फोनांचा मोठा हप्ता १ ते १० तारखेत ठेवा. पंचवीस तारखेनंतरचा 'बघतो' हा बहुतेक वेळा नकारच असतो.

## टप्पा ७: मागणं (८ ते ४ आठवडे आधी)

सगळं यश इथे आहे. ग्रुपवर टाकलेली लिंक ही बातमी असते. तिला कुणी उत्तर देणं लागत नाही. मागणं म्हणजे एका माणसाने एका माणसाला, नाव घेऊन, ठरावीक रक्कम विचारणं.

फोन साधारण असा असावा:

"मामा, नमस्कार. दोन मिनिटं आहेत का? आम्ही चौघं जानेवारीत शंभर किलोमीटर चालणार आहोत, कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करायला. एका किलोमीटरला दोन हजार असं धरलंय. तुम्ही एक किलोमीटर घ्याल का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी मनात काही ठेवणार नाही."

आणि मग गप्प बसा. हे सर्वांत अवघड जातं. तीन सेकंदांची शांतता सहन न होऊन आपणच "म्हणजे पाचशे दिले तरी चालेल, नाही दिले तरी चालेल" असं म्हणून मोकळे होतो, आणि दोन हजार द्यायला निघालेला माणूस पाचशेवर येतो. समोरच्याला विचार करू द्या. त्याने कमी रक्कम सांगितली तर मनापासून हो म्हणा, घासाघीस नको.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेसेज:

"मामा, बोलल्याप्रमाणे लिंक पाठवतेय. नाव पॅनकार्डावर आहे तसंच लिहा, म्हणजे पावती बरोबर येईल. टिपचा रकाना दिसला तर तिथे शून्य करता येतं. ३७वा किलोमीटर तुमच्या नावाने लिहून ठेवते."

मित्राला मेसेजच करायचा असेल तर तोही त्याच्यासाठीच लिहिलेला हवा: "अरे, कॉलेजात तू मला राजमाची चढवलास, आठवतं? आता शंभर किलोमीटरवर उडी मारलीय..." फॉरवर्ड केलेलं पत्र लोक पहिल्या ओळीत ओळखतात.

ज्येष्ठांना लिंकची धास्ती असते, आणि फसवणुकीचे प्रकार पाहता ती रास्त आहे. त्यांना संस्थेच्या नावाचा चेक काढू द्या आणि तो संस्थेत पोहोचवा. यूपीआयने देणार असतील तर सांगा: पैसे जाण्याआधी पडद्यावर संस्थेचं नाव दिसतं, ते वाचा, वेगळं दिसलं तर थांबा. त्यांचा फोन घेऊन पिन तुम्ही टाकू नका.

रोख रक्कम हातात आलीच तर संस्थेच्या पावतीपुस्तकावर त्याच क्षणी पावती द्या आणि दोन दिवसांत संस्थेत भरा. पावतीपुस्तक नसेल तर रोख घेऊ नका.

सावध: "तुम्ही पूर्ण केलंत तर देईन" असं काही जण म्हणतात. हसून सांगा की पैसे आधी लागतात. शंभर किलोमीटरमध्ये पायाला फोड येऊन एखादा थांबू शकतो, आणि वॉकनंतर वसुलीचे फोन करणं कुणालाच गोड वाटत नाही. खरं कारण त्याहून मोठं आहे: संस्थेची गरज तुमच्या गुडघ्यांवर अवलंबून ठेवू नये.

तपासा: दर रविवारी खजिनदार संस्थेच्या यादीशी तक्ता जुळवतो. 'कबूल' रकान्यात आठवड्याहून जुनी नावं असतील तर ज्याची ओळख त्याने त्याच दिवशी फोन करायचा.

## टप्पा ८: मधला मंद काळ आणि आठवण

वॉक साधारण सहा-पाच आठवड्यांवर आला की जमा थांबते. जवळचे लोक देऊन झालेले असतात. संघ इथे लक्ष्य सोडतो किंवा ग्रुपवर रोज लिंक टाकू लागतो. दोन्ही नको. यादीत अजून न विचारलेली नावं किती आहेत ते मोजा. जवळजवळ नेहमी निम्मी तरी असतात.

'बघतो' म्हणणाऱ्यांना दहा दिवसांनी एक आठवण, आणि वॉकच्या आठवड्यात दुसरी. तिसरी नाही. आठवण करताना काहीतरी नवं सांगा: सरावात किती चाललात, कितवा किलोमीटर भरला, संस्थेला भेट दिलीत तर तिथे काय पाहिलंत. "अजून दिले नाहीत" असा सूर येऊ देऊ नका.

स्टॉल, फराळविक्री, जुन्या पुस्तकांची विक्री असे कार्यक्रम सुचवले जातात. माझं मत स्पष्ट आहे: चौघांच्या संघाने एखादाच करावा. शनिवार-रविवार घालवून जे सात-आठ हजार मिळतात ते त्याच वेळात केलेल्या फोनांतून जास्त मिळतात. सोसायटीत करणार असाल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि पैसे मेंटेनन्सच्या खात्यात घेऊ नका. तिकिटं विकून बक्षिसाची सोडत काढणं पूर्ण टाळा, ते लॉटरीच्या कायद्यात येतं.

## टप्पा ९: कंपनीकडे जाताना

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, मॅचिंग: तुम्ही किंवा सहकाऱ्याने दिलेल्या देणगीइतकी रक्कम कंपनी घालते. त्यासाठी संस्था कंपनीच्या यादीत असावी लागते, अर्जाला पावती लागते आणि मुदत असते. संस्था यादीत आणायला वेळ जातो, म्हणून ही चौकशी पहिल्याच आठवड्यात एचआरकडे करा. अनेक संघांचे हमखास मिळणारे पैसे इथे सुटतात.

दुसरी गोष्ट सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च. "कंपनीने आमच्या वॉकला सीएसआरमधून पैसे द्यावेत" ही मागणी बहुधा फेटाळली जाते आणि त्याला कारण आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत असं म्हटलं होतं. संस्थेच्या चालू प्रकल्पासाठी मात्र कंपनी देऊ शकते. त्यासाठी संस्थेची त्याच मंत्रालयाकडे सीएसआर-१ या फॉर्मने केलेली नोंदणी हवी आणि प्रस्ताव संस्थेनेच द्यायला हवा. तुम्ही फक्त दोघांची गाठ घालून द्या. दोन लाखांच्या लक्ष्यात ही रक्कम धरू नका, तिला महिने लागतात.

## टप्पा १०: परदेशातले नातेवाईक

मराठी घरात न्यू जर्सी किंवा लंडनला कुणीतरी असतंच आणि ते द्यायलाही तयार असतात. पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाने बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, विदेशी धरली जाते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्था घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. नोंदणी नसेल तर सख्ख्या बहिणीचेही पैसे संस्थेला चालत नाहीत. ते आपल्या खात्यात घेऊन पुढे सरकवण्याची पळवाट शोधू नका. त्यात अडचणीत संस्था येते.

ब्रिटनमध्ये राहून तिथल्या नोंदणीकृत संस्थेसाठी चालणाऱ्या संघांनी देणगीदाराला गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायची आठवण द्यावी. देणारा तिथे पुरेसा कर भरत असेल तर संस्थेला प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स सरकारकडून मिळतात. ही खूण राहून गेली की तेवढे पैसे हकनाक जातात.

## टप्पा ११: वॉकचा दिवस

चालणाऱ्यांनी फोन खिशात ठेवायचा. बातम्या पाचवा माणूस देईल: सुरुवात, मधला मुक्काम, शेवट. प्रत्येक बातमीखाली लिंक आणि उरलेल्या किलोमीटरची चौकट. वॉक चालू असताना बरेच लोक शेवटच्या क्षणी देतात, म्हणून पान बंद करू नका.

कुणी मध्येच थांबलं तर तेही तसंच कळवा. चौघांपैकी तिघंच पोहोचले असतील तर तिघं असंच लिहा. देणगीदाराला खरं कळलं तर तो नाराज होत नाही.

## टप्पा १२: आभार आणि हिशेब (वॉकनंतर)

आभार दोन वेळा: पैसे आले त्या दिवशी एक ओळ, आणि वॉकनंतर आठवड्याभरात एक संदेश, त्याच माणसाकडून ज्याने मागितलं होतं. "३७वा किलोमीटर पहाटे चारच्या सुमारास चाललो, मामा, तुमचं नाव घेऊन" एवढं पुरतं. ग्रुपवरचं सामुदायिक आभारपत्र हे याला पर्याय होत नाही.

पान दोन आठवड्यांनी बंद करा. खजिनदार आणि संस्था यांचे आकडे शेवटच्या रुपयापर्यंत जुळले की सर्व देणगीदारांना एक पान हिशेब पाठवा: किती जणांनी दिले, एकूण किती, व्यासपीठाने किती कापले, संस्थेला किती पोहोचले, संस्था ते कशासाठी वापरणार. लक्ष्य गाठलं नसेल तरी हे पाठवायचंच.

व्यासपीठाकडून पैसे संस्थेच्या खात्यात ३१ मार्चपूर्वी पोहोचले का, ते विचारून घ्या. देणगी कोणत्या आर्थिक वर्षाची, हा प्रश्न अडकतो तो इथे.

साध्या पावतीवर ८०-जीची वजावट मिळत नाही. संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण आयकर विभागाकडे भरून प्रत्येक देणगीदाराला फॉर्म १०-बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत असते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा त्या तारखेनंतरच्या देणग्यांसाठी कोणतं प्रमाणपत्र मिळणार, हे संस्थेच्या लेखापालाला विचारून देणगीदारांना कळवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात खजिनदाराने तक्ता पुन्हा उघडायचा, ज्यांनी पॅन दिला होता त्यांना प्रमाणपत्र मिळालं का हे विचारायचं, आणि ज्यांचं राहिलं त्यांची नावं एकत्र करून संस्थेला एकच ईमेल करायचा. विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख जवळ आली की लोक प्रमाणपत्रासाठी तुम्हालाच फोन करतात. तोपर्यंत संस्थेकडून उत्तर आलेलं असावं.